झाकली मूठ आणि बाजारातली पत

मराठीत 'पत' हा शब्द दुहेरी अर्थाचा आहे. माणसाची समाजातली प्रतिष्ठा त्यानेच सांगितली जाते आणि बाजारात त्याला किती रुपयांचा माल उधार मिळेल, हेही त्यानेच ठरते. एखाद्या व्यापाऱ्याची पत गेली, असे म्हटले की त्याचे नाव गेले की व्यवहार बुडाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एक गेले की दुसरे जातेच, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. पतपुरवठा, पतपेढी, पतमर्यादा हे बँकिंगच्या रोजच्या वापरातले शब्द याच मुळापासून फुटलेले आहेत. उत्तरेकडच्या पेढ्यांवर हाच विचार 'जाय लाख, रहे साख' अशा चार शब्दांत सांगितला जातो.

हुंडीचा व्यवहार या एकाच गुणावर शतकानुशतके चालला. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला कागद. दर्शनी हुंडी दाखवताच रक्कम मिळे, मुदती हुंडीची रक्कम ठरल्या दिवशी मिळे. त्या कागदामागे सोने बांधलेले नसे. लिहिणाऱ्याचे नाव हेच त्याचे तारण. पेढी जितकी भरवशाची, तितका तिचा कागद कमी कसरीने वटे. हुंडी न सकारता परत आली, तर ती बातमी कागदाच्या आधी पुढच्या बाजारपेठेत पोहोचे. म्हणजेच सचोटी, वेळ पाळण्याची सवय, दिलेला शब्द या हाताला न लागणाऱ्या गोष्टींना तेव्हाही रुपये-आण्यांत भाव होता आणि तो रोज ठरत होता.

तरीही आधुनिक व्यवसायात या गुणांचा विषय निघाला की तो भाषणासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर मूल्यांची यादी छापली जाते आणि पुढच्या पानांवर 'खरे' आकडे येतात, असे मानले जाते. हा समज चुकीचा आहे; किंबहुना तो महागात पडणारा आहे.

ताळेबंदात न दिसणारी मालमत्ता

या समजुतीला लेखाशास्त्राचा एक नियम काहीसा कारणीभूत आहे. व्यवसायाच्या नावलौकिकाला मराठी क्रमिक पुस्तकांत 'ख्याती' म्हणतात. एखादा व्यवसाय दुसऱ्याने विकत घेतला आणि त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा अधिक किंमत मोजली, तर ती जास्तीची रक्कम खरेदीदाराच्या ताळेबंदात ख्याती म्हणून दाखवता येते. मात्र व्यवसायाने स्वतःच्या कष्टाने वर्षानुवर्षे मिळवलेली ख्याती त्याला स्वतःच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. नियम योग्यच आहे. तशी मुभा असती, तर प्रत्येकाने आपल्या नावापुढे मनाला येईल तो आकडा लिहिला असता.

परंतु या नियमाचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. सदोष माल दुकानदाराकडून परत घेतला, की तो खर्च होतो. नव्या कर्मचाऱ्याला सहा महिने शिकवले, की तोही खर्च होतो. ग्राहकाच्या तक्रारीवर एका अनुभवी माणसाचा अख्खा दिवस घालवला, की तोही खर्चच. हे सारे खर्च नफा-तोटा पत्रकात ताबडतोब दिसतात; त्यांतून उभी राहिलेली मालमत्ता मात्र कुठेच दिसत नाही. उलट हे खर्च कापले, तर त्या वर्षीचा नफा वाढलेला दिसतो. घराची डागडुजी थांबवल्यावर महिन्याचा खर्च कमी व्हावा, तसाच हा प्रकार. छत गळायला लागते ते पुढच्या पावसाळ्यात.

दिसत नाही म्हणून तिचे मोल काढता येत नाही, असे मात्र नाही. एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, एकाच बाजारपेठेत दोन दुकानदार आहेत. दोघांनाही सतत २० लाख रुपयांचा माल लागतो आणि भावही सारखाच आहे. पहिल्याचा शब्द पक्का असल्याने घाऊक व्यापारी त्याला ४५ दिवसांची उधारी देतो. दुसऱ्याने दोनदा धनादेश न वटल्याचा अनुभव दिलेला असल्याने त्याला रोखीने माल उचलावा लागतो आणि त्यासाठी तो दरसाल ११ टक्के व्याजाने कर्ज घेतो. ४५ दिवसांच्या एका फेरीत त्याला सुमारे २७ हजार रुपये व्याज पडते. वर्षात अशा आठ फेऱ्या झाल्या, तर ही रक्कम २ लाख १७ हजारांच्या आसपास जाते. दुकान तेवढेच, माल तोच, गिऱ्हाईक तेच. फरक फक्त शब्दाचा. पहिल्या दुकानदाराच्या ताळेबंदात 'शब्द पाळण्याची सवय' अशी कोणतीही नोंद नसते, पण तिचे उत्पन्न दरवर्षी त्याच्या नफ्यात उतरत राहते.

सत्यमच्या ताळेबंदात काय होते आणि काय नव्हते

हा हिशेब किती मोठ्या प्रमाणावर खरा ठरतो, हे भारताने २००९ मध्ये पाहिले. १९८७ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेली सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही त्या वेळी देशातील चौथ्या क्रमांकाची सॉफ्टवेअर सेवा कंपनी होती. सुमारे ५३ हजार कर्मचारी, साठाहून अधिक देशांत ग्राहक, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी, असा तिचा पसारा होता. उत्तम कंपनी प्रशासनासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही २००८ मध्ये तिला मिळाला होता.

१६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीच्या संचालक मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित असलेल्या मायटास प्रॉपर्टीज आणि मायटास इन्फ्रा या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेण्याचा निर्णय जाहीर केला. सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा प्रवर्तकांच्याच जमीन-बांधकाम व्यवसायात का जावा, असा प्रश्न गुंतवणूकदारांनी विचारला. विरोध इतका तीव्र होता की काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला. तरीही दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बाजारात समभाग सुमारे ३० टक्के घसरला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या दिवशी हिशेबातील खोटेपणा कोणालाही ठाऊक नव्हता. कंपनीचा एकही ग्राहक कमी झाला नव्हता, एकही संगणक बंद पडला नव्हता. बदलले होते ते एवढेच, की हे लोक आपल्या पैशाचे विश्वस्त आहेत की मालक, अशी शंका भागधारकांच्या मनात आली होती. त्या शंकेची किंमत बाजाराने एका दिवसात मोजून दाखवली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांचे पत्र प्रसिद्ध झाले. ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते, अशी कबुली त्यात होती. न मिळालेले व्याज, लपवलेली देणी आणि फुगवलेली येणी धरून एकूण खड्डा ७,१३६ कोटी रुपयांचा होता. नफ्यातील आरंभीची तफावत वर्षांमागून वर्षे वाढत गेली आणि वाघावरून उतरावे कसे, हेच कळेना, अशा आशयाचे वर्णन पत्रात होते. त्या एका दिवसात समभाग १७९ रुपयांच्या आसपासवरून ४० रुपयांवर आला. नऊ हजार कोटी रुपयांहून अधिक बाजारमूल्य सूर्यास्तापूर्वी नाहीसे झाले. इतर कंपन्यांच्या भागधारकांनाही त्याची झळ लागली. सेन्सेक्स त्या दिवशी सात टक्क्यांहून अधिक घसरला. दिलेला पुरस्कार पुढे परत घेण्यात आला.

या प्रकरणाचा उल्लेख बहुधा इथेच थांबतो. परंतु त्यातला अधिक महत्त्वाचा भाग पुढचा आहे.

केंद्र सरकारने जुने संचालक मंडळ बाजूला सारून दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांची नेमणूक केली. काही दिवसांत आणखी तिघे जण त्यात आले. या मंडळाच्या हाती होते काय? तिजोरी जवळपास रिकामी होती. हिशेबाच्या वह्यांवर कोणाचा विश्वास नव्हता. ५३ हजार लोकांचा पगार महिनाअखेरीस द्यायचा होता. ज्यांचे नाव बाजारात स्वच्छ आहे अशी माणसे खुर्चीवर बसली, एवढेच त्यांचे भांडवल होते. त्या भांडवलावर बँकांनी खेळत्या भांडवलासाठी कर्ज दिले, पगार झाले. काही ग्राहक सोडून गेले, पण बहुतेक थांबले. जे अभियंते जगभरच्या कंपन्यांच्या संगणक प्रणाली सांभाळत होते, त्यांतील बहुसंख्य दुसऱ्या दिवशीही कामावर हजर होते.

एप्रिल २००९ मध्ये कंपनीसाठी बोली मागवण्यात आली. बोली लावणाऱ्यांपुढे खात्रीलायक लेखापरीक्षित हिशेबच नव्हते. दुरुस्त केलेले हिशेब प्रसिद्ध व्हायला २०१० चा सप्टेंबर उजाडला. तरीही पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्र कंपनीने १३ एप्रिल रोजी प्रतिसमभाग ५८ रुपयांची बोली लावून ३१ टक्के हिस्सा १,७५७ कोटी रुपयांना घेतला. लार्सन अँड टुब्रोची बोली ४५ रुपये ९० पैशांची होती. २०१३ मध्ये ही कंपनी टेक महिंद्रमध्ये पूर्णपणे विलीन झाली.

आता हे दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवून पाहावेत. जी मालमत्ता सर्वांत ठोस, मोजता येण्याजोगी, शंकेपलीकडची मानली जाते, ती म्हणजे बँकेतील रोख रक्कम. सत्यमच्या ताळेबंदात तीच खोटी निघाली. आणि जी मालमत्ता त्या ताळेबंदात एका ओळीनेही नोंदलेली नव्हती, म्हणजे अभियंत्यांचे कौशल्य, त्यांनी वर्षानुवर्षे वेळेवर पुरे केलेले काम आणि त्यामुळे थांबलेले ग्राहक, तीच खरी निघाली. खरेदीदाराने १,७५७ कोटी रुपये प्रामुख्याने त्या न नोंदलेल्या मालमत्तेसाठी मोजले. वरच्या मजल्यावरच्या मूठभरांनी जे उधळले, ते खालच्या मजल्यांवरच्या हजारोंनी आपल्या रोजच्या कामातून काही अंशी राखले, असा त्या किमतीचा अर्थ होतो.

या अप्रामाणिकपणाचे बिल पुढेही येतच राहिले. अमेरिकेतील भागधारकांच्या दाव्यापोटी २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, आणि ते पैसे नव्या व्यवस्थापनाच्या काळातल्या कंपनीला द्यावे लागले. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांपर्यंतची शिक्षा सुनावली. तिला पुढे अपिलात आव्हान देण्यात आले. २०१३ च्या कंपनी कायद्यात लेखापरीक्षक ठरावीक मुदतीनंतर बदलण्याची सक्ती आली आणि भागधारकांना सामूहिक दाव्याचा हक्क मिळाला, त्यामागेही या प्रकरणाचा अनुभव होता.

झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी म्हण मराठीत आहे. घरगुती अडचणीचा बोभाटा करू नये, इतपत तिचा उपदेश ठीक आहे. व्यवसायाला मात्र ही म्हण लावता येत नाही. ज्या व्यवसायात दुसऱ्याचा पैसा आहे, तिथे झाकलेल्या मुठीची किंमत रोज वाढते असे वाटते आणि प्रत्यक्षात रोज घटत असते. सत्यममध्ये आरंभीची तफावत लहान होती, असे राजू यांच्याच पत्रात म्हटले होते. त्या वर्षी एका तिमाहीचा नफा कमी झाल्याचे सांगितले असते, तर समभाग काही टक्के घसरला असता आणि विषय संपला असता. न सांगितल्याने एका तिमाहीच्या नामुष्कीचे रूपांतर सात हजार कोटींच्या खड्ड्यात झाले.

म्हणून एखाद्या संस्थेची सचोटी तपासायची झाली, तर तिच्या भिंतीवरची मूल्यांची पाटी वाचण्यापेक्षा एकच गोष्ट पाहावी: तिथे वाईट बातमी किती लवकर वर पोहोचते आणि वरून किती लवकर बाहेर सांगितली जाते. ही कसोटी अमूर्त नाही. ती दिवसांत मोजता येते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पत, नाव, विश्वास यांचा आधार घेऊनच लबाड माणसे जगाला फसवतात, मग या गुणांवर भरवसा ठेवायचा कसा? सत्यमकडे नाव होते, पुरस्कार होता, नामांकित संचालक होते. अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्ये लेखापरीक्षकांवर ठेवलेला ठपका या संदर्भात बोलका आहे. बँकांकडून शिल्लकपुष्टी घेण्याचे लेखापरीक्षणातले प्राथमिक काम नीट झाले नव्हते, असा तो होता. म्हणजे ज्यांनी तपासायचे, त्यांनी नावाकडे पाहून तपासणी सैल केली.

आक्षेपाचे उत्तर एवढेच, की नाव आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव जाहिरातीने मिळते, पुरस्काराने मिळते, वडिलोपार्जितही असते. पत मात्र पुन्हा पुन्हा तपासली गेल्यानेच टिकते. हुंडी प्रत्येक वेळी सकारावी लागे. मागच्या वर्षीची सकारली होती, हे सांगून भागत नसे. विश्वास आणि तपासणी यांना परस्परांचे वैरी समजणे ही चूक आहे. ज्याची पत खरी आहे, त्याला तपासणीचा राग येत नाही.

गिरगावातली गच्ची

ज्या गुणांनी सत्यमचे मोल नष्ट झाले, त्यांच्या विरुद्ध गुणांनी मोल कसे उभे राहते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. पुढे त्यातूनच 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली.

आरंभीच्या काळात या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत असत. एक चांगला आणि एक कमी प्रतीचा, स्वस्तात विकण्यासाठी. ज्यांच्याकडून पैसे उसने घेतले होते, त्या छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला की पापड एकाच उत्तम प्रतीचा करावा, दर्जात कधीही तडजोड करू नये आणि हिशेब चोख ठेवावेत. तो सल्ला भगिनींनी मानला. त्या दिवशी स्वस्त पापडाची विक्री बुडाली. म्हणजे वहीत पाहिले तर तोटाच झाला. पण यापुढे 'लिज्जत' या नावाखाली दुय्यम माल मिळणार नाही, ही गोष्ट ग्राहकाला कळली.

या संस्थेच्या कामाची रीतही पाहण्यासारखी आहे. मळलेले पीठ केंद्रावर मिळते, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात, दुसऱ्या दिवशी आणून देतात. तेथे ते तपासले जातात आणि लाटणावळ दिली जाते. सदस्य होणाऱ्या भगिनीच्या घरात स्वच्छता आणि पापड सुकवायला जागा आहे का, हे आधी पाहिले जाते. प्रत्येक भगिनी ही नोकर नसून संस्थेची भागीदार आहे. हजारो घरांच्या स्वयंपाकघरांत विखुरलेले हे उत्पादन कोणत्याही कारखान्याच्या पर्यवेक्षकाला ताब्यात ठेवता आले नसते. तिथे देखरेखीचे काम आपलेपणा करतो आणि त्या आपलेपणाला रोजच्या तपासणीची जोड असते. जुन्या पेढ्यांवर जे तत्त्व होते, तेच इथे पापडाच्या रूपाने चालू राहिले. आज या संस्थेत हजारो भगिनी आहेत आणि तिची वार्षिक उलाढाल हजार कोटी रुपयांच्या पुढे गेलेली आहे. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. ८० रुपयांपासून इथपर्यंतच्या अंतरात यंत्रसामग्रीचा वाटा किती आणि विश्वासाचा किती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

बँकेच्या खिडकीवर

बँक या व्यवसायाला तर हा विषय सर्वांत जवळचा आहे, कारण बँकेचा कच्चा माल हाच विश्वास. ठेवीदार पैसे ठेवतो तेव्हा तो हाती एक नोंद घेऊन परत जातो. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला आले, तर जगातील कोणतीही बँक ते तत्काळ देऊ शकणार नाही, कारण त्याच ठेवी कर्जरूपाने घरांत, शेतांत आणि कारखान्यांत गुंतलेल्या असतात.

अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेला मार्च २०२३ मध्ये याचा प्रत्यय आला. व्याजदर वाढल्याने तिच्याजवळच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची किंमत घटली होती. ८ मार्चला रोखे विकून झालेला सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा तिने जाहीर केला; ९ मार्चला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न केला; १० मार्चला नियामकांनी बँक बंद केली. पूर्वी अफवा रस्त्याने चालत येई आणि शाखेपुढे रांग लागे. आता ती मोबाइलवर येते आणि रांगही दिसत नाही. तोटा मुळात होताच, हे खरे. पण त्याची जाणीव ठेवीदारांना अचानक आणि उशिरा झाली, म्हणून १.८ अब्जांच्या बातमीपाठोपाठ ४२ अब्जांची मागणी उभी राहिली.

भारतीय ग्राहकाच्या पातळीवर हीच गोष्ट हप्त्याच्या रूपाने समोर येते. एखाद्या लघुउद्योजकाचा मोठा ग्राहक अडचणीत येतो, येणी अडकतात आणि पुढचा हप्ता भरता येणार नाही, हे त्याला महिनाभर आधी कळते. अशा वेळी बहुतेक जण झाकल्या मुठीचा मार्ग धरतात. बँकेतून आलेला फोन उचलला जात नाही, रस्त्यात भेटलेल्या शाखाधिकाऱ्याला टाळले जाते. इकडे नियमाचे घड्याळ चालूच असते. मुदत कर्जाचा हप्ता थकला की पहिले ३० दिवस खाते एसएमए-० या वर्गात, ६० दिवसांपर्यंत एसएमए-१ मध्ये आणि ९० दिवसांपर्यंत एसएमए-२ मध्ये जाते. ९० दिवस उलटले की ते अनुत्पादक, म्हणजेच एनपीए ठरते. शेतीच्या पीक कर्जाचे निकष हंगामानुसार वेगळे आहेत, पण तत्त्व तेच. जो कर्जदार हप्ता थकण्यापूर्वी येऊन अडचण सांगतो, त्याच्यासाठी मुदत वाढवण्याचे, हप्ते बदलण्याचे मार्ग शोधण्यास बँकेला वाव असतो. जो नव्वदाव्या दिवसानंतर सापडतो, त्याच्यासाठी बँकेची इच्छा असली तरी नियम फारसे काही करू देत नाहीत. अडचण दोघांची एकच. फरक पडतो तो सांगण्याच्या दिवसाने.

पूर्वी पत घराण्यावर, ओळखीपाळखीवर, कधी जातीवरही ठरत असे. ज्याच्यामागे मोठे आडनाव नाही, त्याला कितीही प्रामाणिक असला तरी दारातून परत जावे लागे. आता कर्जफेडीच्या वर्तनाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या २००५ च्या कायद्याखाली काम करतात आणि सिबिलचा ३०० ते ९०० या दरम्यानचा गुणांक कर्ज मागणाऱ्याच्या आधी शाखेत पोहोचलेला असतो. या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घेताना ग्राहकाची दमछाक होते. तरी तिने एक गोष्ट साधली आहे. पत ही वारशाने मिळण्याऐवजी वागण्याने मिळू लागली आहे. भाजीचा गाडा लावणाऱ्याने वेळेवर फेडलेले छोटे कर्ज आज त्याच्या नावावर लिहिले जाते.

ही कसोटी एकट्या ग्राहकाला लावणे न्यायाचे होणार नाही. ठेवीवरचा दर बदलला, शुल्क वाढले, विमा योजनेतील अटी गैरसोयीच्या आहेत, या गोष्टी ग्राहकाला खिडकीवर आधी सांगितल्या जातात की त्याला त्या खाते उताऱ्यात नंतर सापडतात, यावर बँकेचीही पत ठरत असते. महिन्याचे उद्दिष्ट गाठण्यासाठी नको असलेले उत्पादन एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात मारले, तर त्या महिन्याच्या तक्त्यात एक आकडा वाढतो. तो शिक्षक, त्याची मुले आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या ठेवी पुढच्या दहा वर्षांत दुसरीकडे जातात, ते कोणत्याच तक्त्यात येत नाही. उलट 'ही योजना तुमच्या उपयोगाची नाही' असे सांगणारा कर्मचारी त्या दिवशी बँकेचे थोडे उत्पन्न घालवतो. अशा कर्मचाऱ्याला शाबासकी द्यायची की स्पष्टीकरण मागायचे, या एका निर्णयात त्या शाखेच्या पुढच्या दहा वर्षांचा ताळेबंद लिहिला जातो.

मोजता येते तेच खरे, असे मानणाऱ्या काळात या गुणांची बाजू मांडणे अवघड वाटते. वास्तविक ते मोजले जातातच. उधारीच्या दिवसांत, व्याजाच्या दरात, समभागाच्या भावात आणि थकलेल्या हप्त्यांच्या संख्येत. फक्त ती मोजणी उशिरा हाती येते आणि तोपर्यंत दुरुस्तीची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून हप्ता चुकणार हे कळल्या दिवशीच शाखेची पायरी चढणारा कर्जदार आणि त्याला खुर्ची देऊन त्याचे म्हणणे नीट ऐकून घेणारा अधिकारी, हे दोघे जे काम करीत असतात ते बँकिंगच्या मूळ कामाहून वेगळे नाही. हुंडी सकारणे म्हणजे तरी दुसरे काय होते?